झाडावर दोराने चढून काम करणाऱ्यांसाठी साहित्य आणि तंत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत, पहिल्या वादळाच्या आधी, नागपुरात झाडे छाटणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि त्याच दिवसांत आमच्याकडे सर्वाधिक प्रश्न येतात. विचारणारे बहुतेक जण या धंद्यात मुरलेले, कोयता आणि करवत यांवर हात बसलेले असतात. त्यांना झाड कसे चढायचे हे शिकवावे लागत नाही, दोरावर कसे काम करायचे हे मात्र नव्याने शिकावे लागते. खालील उत्तरे त्यांनाच समोर ठेवून लिहिली आहेत.

मी वीस वर्षे दोराशिवाय झाडे चढतो आहे. आता या साहित्याची गरज काय?

अनवाणी पायांनी, सालीच्या भेगांत बोटे रोवून कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत जाणाऱ्या माणसाचे कौशल्य खोटे नाही आणि आम्ही ते कधीही कमी लेखत नाही. परंतु ते कौशल्य चढण्याचे आहे आणि आपल्याला पैसे मिळतात ते कापण्याचे. दोराशिवाय चढलेल्या माणसाचा एक हात नेहमी झाडाला धरून ठेवण्यात गुंततो, त्यामुळे करवत एका हातात राहते आणि कापताना शरीराचा तोल झाडावर नव्हे, नशिबावर अवलंबून असतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की दोर नसलेला माणूस खोडाजवळच राहतो. पातळ फांदी आपले वजन पेलणार नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो टोकापर्यंत जात नाही. आणि टोकापर्यंत जाता येत नाही म्हणून घराच्या छतावर आलेली चार हात लांबीची डहाळी काढण्याऐवजी तो अख्खी फांदी बुडापासून उडवतो. वर, झाडाच्या मध्यभागी, भक्कम अँकर, म्हणजे दोराचा भार पेलणारी जागा, घेतलेला माणूस आपल्या वजनाचा मोठा भाग दोरावर सोडून त्याच फांदीवर टोकापर्यंत चालत जातो आणि नेमके तेवढेच कापतो. साहित्य जीव वाचवते हे तर खरेच. पण छाटणी चांगली होते तीही साहित्यामुळेच, आणि हे ग्राहकाला पटवून देता आले तर दरही बरा मिळतो.

सुरुवातीला कोणते साहित्य घ्यावे?

झाडासाठीचा हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणारा पट्ट्यांचा संच, हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट, सुमारे ४५ मीटर लांबीचा चढाईचा दोर, कमरेचा आखूड दोर म्हणजे लॅनयार्ड, घर्षणगाठीसाठी (भार पडला की दोराला आवळणाऱ्या गाठीसाठी) ८ ते १० मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे, आपोआप कुलूप लागणारे पाच-सहा कॅरॅबिनर म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या, फेकदोरी आणि तिच्या दोन वजनपिशव्या, दोर सालीवर घासू न देणारा सालरक्षक, म्यानासह वाकडी हातकरवत, डोळ्यांसाठी चष्मा आणि प्रथमोपचाराची छोटी पिशवी. एवढ्यावर एक माणूस चढू शकतो. पण जमिनीवरच्या सहकाऱ्यासाठी दुसरा संच लागतो, तो का हे पुढे बचावाच्या प्रश्नात येईल. चेन सॉ या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. पहिले काही महिने हातकरवतीवर काम केलेल्या माणसाला कुठे बसून कापावे हे कळू लागते आणि यंत्र हातात आल्यावरही तो घाई करत नाही.

इमारतीच्या बांधकामावर वापरतात तो सेफ्टी बेल्ट चालेल का?

पडणाऱ्या माणसाला थांबवण्यासाठी तो चालतो, झाडावर काम करण्यासाठी नाही. बांधकामाच्या पूर्ण शरीराच्या हार्नेसमध्ये मुख्य कडी पाठीवर असते. त्या कडीला लटकलेला माणूस पुढे झुकलेला राहतो, त्याला स्वतःला वर ओढता येत नाही की खाली सोडता येत नाही. भारतीय मानक आयएस ३५२१ हे अशा, पडण्यापासून वाचवणाऱ्या हार्नेससाठी आहे आणि बांधकामावर त्याचा आग्रह धरणे योग्यच आहे. झाडावरचा माणूस मात्र पडण्याची वाट पाहत नाही, तो दिवसभर दोरावर बसलेलाच असतो. त्यासाठी युरोपीय मानकांतील ईएन ८१३ हे बैठ्या हार्नेसचे आणि ईएन ३५८ हे कमरेच्या आधाराचे, अशी दोन्ही मानके पाळणारा हार्नेस घ्यावा. त्याला रुंद कंबरपट्टा, मांड्यांचे पट्टे, दोन्ही बाजूंना लॅनयार्डसाठी कड्या आणि पुढे डावी-उजवीकडे सरकणारा दोराचा पूल असतो. हा पूल सरकतो म्हणूनच कंबर वळवून बाजूची फांदी गाठता येते.

हार्नेस विकत घेण्यापूर्वी दुकानातच कुठेतरी टांगून त्यात निदान पंधरा मिनिटे बसून पाहावे. उभ्याने घालून पाहिलेला हार्नेस सर्वांनाच छान वाटतो.

दोर कोणता घ्यावा? बाजारातला नायलॉनचा दोर जाड असूनही आपण नको का म्हणता?

कारण जाडी म्हणजे भरवसा नव्हे. चढाईचा दोर आत गाभा आणि बाहेर विणलेले आवरण अशा दुहेरी रचनेचा, कमी ताणला जाणारा आणि साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर ईएन १८९१, प्रकार अ, असा शिक्का शोधावा. आवरणामुळे घर्षणगाठ एकसारखी सरकते आणि गाभ्यावर ऊन-धूळ थेट पोहोचत नाही. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा, पिळलेला, चकचकीत दोर पुष्कळदा नायलॉनचा नसून पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो, विदर्भाच्या उन्हात लवकर ठिसूळ होतो, आणि माणसाच्या वजनाखाली किती वेळा टिकेल याची हमी देणारा कागद त्याच्याबरोबर येत नाही. विहिरीतून मोटार वर काढायला तो उत्तम आहे. त्यावर माणूस टांगू नये.

लांबीचा हिशेब सोपा आहे. दोर फांदीवरून जाऊन परत आपल्याकडे येणाऱ्या पद्धतीत १५ मीटर उंचीच्या अँकरसाठी ३० मीटर दोर नुसता वर-खाली जाण्यातच संपतो, वर आडव्या फांदीवर फिरण्यासाठी आणखी हवा. दोराच्या शेवटच्या टोकाला नेहमी गाठ मारून ठेवावी. दोर संपला हे हाताला कळण्याआधी कमरेला कळलेली माणसे या धंद्यात आहेत.

वरच्या फांदीवर दोर कसा टाकावा आणि ती फांदी भार घेईल हे कसे ओळखावे?

सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या, निसरड्या फेकदोरीला २५० ते ४०० ग्रॅमची छऱ्यांची पिशवी बांधून ती हव्या त्या बेचक्यावरून फेकतात. पिशवी पलीकडून खाली उतरली की तिच्या जागी चढाईचा दोर बांधून ओढून घेतात. सराव असलेला माणूस दहा-बारा मीटरवर दोन-तीन प्रयत्नांत बेचके साधतो. त्याहून उंच जायचे तर मोठ्या गुलेलीसारखी, काठीवर बसवलेली फेकयंत्रे मिळतात. फेकताना खाली आणि समोर कोणी उभे नसावे, कारण बेचक्यात न बसलेली पिशवी दगडासारखी परत येते.

अँकर निवडणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे आणि तो जमिनीवर उभे राहूनच करावा लागतो. फांदी जिवंत असावी, तिला पाने असावीत, जोडापाशी ती किमान दहा सेंटीमीटर जाड असावी आणि दोर शक्यतो बेचक्यात, खोडाला लागून बसावा. दुर्बीण जवळ ठेवावी. ढोली, भेग, छत्र्यांसारखी उगवलेली बुरशी, साल आत दुमडलेला अरुंद जोड आणि वाळवीचे मातीचे पट्टे खालून तिच्यातूनच दिसतात. दोर बसल्यावर दोन माणसांनी एकाच वेळी त्यावर वजन टाकून झोके द्यावेत आणि तिसऱ्याने त्या वेळी दोराकडे नव्हे, जोडाकडे पाहत राहावे.

जातीनुसार हा अंदाज बदलतो. चिंचेची फांदी चिवट असते, वाकते आणि मोडण्याआधी आवाज देते. कडुनिंब निरोगी असेल तर विश्वासाचा आहे. जांभळाची फांदी दिसते जाड, पण ठिसूळ असते हे खेड्यातल्या कुठल्याही पोराला विचारावे. गुलमोहर आणि शेवगा यांच्या बाबतीत मनगटाएवढी, मांडीएवढी असले अंदाज लावूच नयेत. तिथे अँकर मुख्य खोडावरच घ्यावा किंवा शेजारच्या दुसऱ्या झाडावर घ्यावा. निलगिरीची मोठी हिरवी फांदीही वारा नसताना अचानक सुटू शकते.

फिरता दोर आणि स्थिर दोर या दोन पद्धतींत फरक काय? कोणती शिकावी?

फिरत्या दोराच्या पद्धतीत दोर अँकरवरून जाऊन आपल्याच हार्नेसवर परत येतो आणि आपण हललो की तोही फांदीवरून सरकतो. एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण हाताला जोर निम्म्याच्या आसपास लागतो. स्थिर दोराच्या पद्धतीत दोर एका जागी पक्का असतो आणि आपण त्यावर पायांच्या पकडी व घर्षणयंत्र वापरून जिन्यासारखे चढतो. उंच झाडावर ही दुसरी पद्धत कमी दमवते.

शिकावी आधी पहिली. तिला साहित्य कमी लागते आणि चूक झाली तर ती लगेच लक्षात येते. स्थिर दोराचे एक गणित मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्यावे : दोर फांदीवरून नेऊन खाली बुंध्याला बांधला असेल तर फांदीवर फक्त आपले वजन येत नाही, घर्षण वजा जाता जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण एका बाजूने आपण ओढतो आणि दुसऱ्या बाजूने बुंध्याची बांधणी तेवढीच ओढते. ८० किलोचा माणूस साहित्यासह ९० किलोचा होतो आणि फांदीला तो दीडशे किलोच्या वर जाणवू शकतो.

दोन्ही पद्धतींत दोर थेट सालीवर घासू देऊ नये. दोन कड्यांचा चामडी किंवा पट्टीचा सालरक्षक मिळतो, तो आधी बसवावा. त्याने झाडाची साल वाचते, दोर वाचतो आणि आडव्या फांदीवर दूर गेल्यावर परत येताना ओढ एकसारखी राहते. स्वस्तातली ही एकच वस्तू अशी आहे की जिच्याशिवाय आम्ही चढत नाही.

किती गाठी याव्या लागतात?

थोड्या, पण डोळे मिटून. दोराच्या टोकासाठी दुहेरी आठाची गाठ, दोन दोर जोडण्यासाठी एक खात्रीची गाठ, कॅरॅबिनरवर आवळून बसणारी एक गाठ आणि किमान दोन घर्षणगाठी. घर्षणगाठ म्हणजे भार पडला की दोराला आवळून धरणारी आणि वरून हाताने दाबली की सरकणारी गाठ. यांतली सर्वांत जुनी आणि सर्वांना माहीत असलेली प्रुसिक ही ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. झाडावर ब्लेकची गाठ नवशिक्यांना बरी पडते, कारण ती चढाईच्या दोराच्या शेपटीनेच बांधता येते. पुढे दोन्ही टोकांना डोळे म्हणजे पक्के फासे असलेल्या वेगळ्या तुकड्याने वाल्दोतेन प्रकारची गाठ शिकावी, ती अधिक मोकळेपणाने सरकते.

गाठ बांधणे, तिचे वेढे नीट एकाशेजारी एक बसवणे आणि जमिनीपासून हातभर उंचीवर वजन टाकून ती आवळून पाहणे, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय गाठ झाली असे म्हणू नये.

भराभर खाली उतरण्यात काय धोका आहे?

घर्षणाने गाठ तापते. नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी आवरणावर काचेसारखी चकाकी येते आणि ती जागा कडक होते. अशी गाठ पुढच्या वेळी पकडेलच असे नाही. डायनिमा हा धागा ताकदीला अफाट असला तरी १५० अंशांच्या आतच वितळतो, म्हणून घर्षणगाठीसाठी तो कधीही घेऊ नये. आरामिड धाग्याचे आवरण असलेले तुकडे उष्णता चांगली सोसतात. चित्रपटातल्यासारखी सरसर उतरण्याची हौस असेल तर ती दुसऱ्या कुठल्यातरी दोरावर भागवावी.

कॅरॅबिनर स्क्रूचा घ्यावा की आपोआप बंद होणारा?

आपोआप बंद होणारा, आणि उघडायला तीन वेगवेगळ्या हालचाली लागणारा. झाडावर डहाळ्या स्क्रूला घासून तो नकळत उलगडू शकतात. कॅरॅबिनरवर कोरलेले किलोन्यूटनचे (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचा भार) आकडे वाचायला शिकावे : उभ्या भारासाठी निदान २० आवश्यक आहे, पण आडवा भार पडला तर तोच तुकडा साधारण एक तृतीयांश ताकदीवर येतो. म्हणून तो आडवा फिरला आहे का हे चढताना वारंवार चाचपावे.

पायाला काटे लावून चढणे सोपे पडते. त्याला विरोध का?

तोडायच्याच झाडावर विरोध नाही. जगवायच्या झाडावर आहे, कारण प्रत्येक पावलागणिक सालीच्या आतल्या जिवंत थरात एक भोक पडते आणि त्या भोकांतून कीड व बुरशी आत शिरते. छाटणीसाठी बोलावलेल्या माणसाने जाताना शेदोनशे जखमा ठेवून जाणे हा विचित्र प्रकार आहे. तोडायच्या झाडावरही काटे वापरताना दोर आणि लॅनयार्ड दोन्ही हवेत. काटा साल सोलून निसटला तर पाय एका क्षणात सुटतो.

वर चेन सॉ वापरताना काय पाळावे?

वरच्या मुठीची छोटी यंत्रे झाडावर चढलेल्यांसाठीच बनवलेली आहेत. त्यांच्या आकारामुळे ती एका हाताने चालवण्याचा मोह होतो आणि बहुतेक गंभीर जखमा त्या मोहातून होतात. दोन्ही हात मुठींवर, अंगठा मुठीभोवती, आणि कापणे सुरू करण्यापूर्वी शरीर दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले : एक चढाईचा दोर, दुसरा लॅनयार्ड. एक चुकून कापला गेला तरी दुसरा राहतो, एवढा साधा यामागचा विचार आहे. पोलादी तारेचा गाभा असलेला लॅनयार्ड करवतीच्या स्पर्शाला थोडा अधिक वेळ तग धरतो, पण चेन सॉपुढे तोही टिकत नाही. शिवाय तो वीजवाहक असतो, हे तारांजवळ विसरू नये.

यंत्र वर चालू करताना चेन ब्रेक लावलेला असावा, हलवताना पुन्हा लावावा, आणि यंत्र आखूड पट्ट्याने हार्नेसला अडकवलेले असावे. पायांत चेन सॉपासून वाचवणारी, पाय चहूबाजूंनी झाकणारी, म्हणजे प्रकार सी, पँट हवी. मे महिन्यात ती घालणे म्हणजे शिक्षा आहे, हे आम्ही मान्य करतो. म्हणून त्या दिवसांत यंत्राचे काम सकाळी सहा ते नऊ एवढ्यातच उरकतो आणि नंतर यंत्र खाली पाठवून देतो. पँट काढून यंत्र सुरू ठेवत नाही.

नवतपाच्या दिवसांत काम करावे का?

पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना दुपारी झाडावर कोणी नसावे. वर सावली असते म्हणून ऊन लागत नाही हा समज चुकीचा आहे. हेल्मेट, पँट आणि हार्नेस यांच्यात अडकलेल्या शरीराला घाम सुकवायलाच वाव मिळत नाही, आणि दोरावर चक्कर आलेला माणूस स्वतः खाली येऊ शकत नाही. पाण्याची बाटली हार्नेसलाच असावी, कारण बाटलीसाठी खाली यावे लागले की माणूस पाणी पिणे पुढे ढकलतो. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी खाली उतरून मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक घ्यावे. खालच्या सहकाऱ्याने मधूनमधून साधा प्रश्न विचारत राहावे. उत्तर उशिरा किंवा असंबद्ध आले तर काम तिथेच थांबवावे.

मोठी फांदी दोराने उतरवताना दोर का तुटतो?

वजनाने कमी, झटक्याने जास्त. हिरवे लाकूड ढोबळमानाने पाण्याएवढे जड धरावे. ४० सेंटीमीटर व्यासाचा एक मीटर लांबीचा ओंडका मग सुमारे १२५ किलो भरतो, म्हणजे सिमेंटच्या अडीच गोण्या. हा ओंडका दोराच्या बांधणीच्या वर कापला आणि तो मीटर-दीड मीटर खाली पडून दोरावर थांबला, तर दोरावर, कप्पीवर आणि ज्या खोडाला आपण स्वतः बांधलेले आहोत त्या खोडावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो. उपाय दोन आहेत : ओंडके लहान कापणे, आणि खालच्या माणसाने दोर एकदम न रोखता बुंध्यावर बसवलेल्या घर्षणनळीवरून तो धावू देत हळूहळू थांबवणे. खालचा माणूस शिकलेला नसेल तर वरच्याचे कौशल्य वाया जाते. उतरवण्याचा दोर आणि चढाईचा दोर यांचे रंग वेगळे ठेवावेत, आणि एकदा ओंडके उतरवलेल्या दोरावर पुन्हा कधीही माणूस चढवू नये.

फांदी नेमकी कुठे कापावी?

फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर कडे असते. त्या कड्याच्या लगेच बाहेर कापावे. कडे कापले तर जखम भरून येत नाही आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून सड आत नेतो. अमेरिकेचे वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले की झाड जखम बरी करत नाही, ती भोवतीने बंदिस्त करते, आणि जखमेवर लावलेले रंग-डांबर सड थांबवत नाहीत. जड फांदी आधी हातभर अंतरावर खालून थोडी, मग जराशी पुढे वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट शेवटी कड्याजवळ, अशी तीन कापांत काढावी. नाहीतर ती सुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते.

ग्राहक कित्येकदा सगळा शेंडाच उडवायला सांगतात. त्याने झाड लहान राहत नाही. कापाच्या कडेने कमकुवत जोडांचे फुटवे येतात आणि चार-पाच वर्षांत तेच वादळात मोडतात. नकार देण्याची तयारी ठेवावी. ग्राहकाने कितीही हरभऱ्याच्या झाडावर चढवले तरी.

विजेच्या तारांजवळ किती अंतर ठेवावे?

११ केव्हीच्या वाहिनीपासून किमान तीन मीटर, आणि हे अंतर फक्त शरीराचे नव्हे. हातातली करवत, दोर आणि पडणारी फांदी हे सर्व त्यात आले. ओली फांदी व ओला दोर वीज वाहून नेतात. अंतर राखता येत नसेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करून वीजपुरवठा बंद करून घ्यावा, आणि लाइनमन प्रत्यक्ष येऊन वाहिनी भूसंपर्कित (अर्थिंग) करीपर्यंत चढू नये. 'बंद केली आहे' असा फोन पुरेसा नाही. वाहिनी बंद असतानाही शेजारच्या दुकानातला जनरेटर चुकीच्या जोडणीतून तिच्यात उलटी वीज सोडू शकतो.

आग्या मोहोळ असेल तर?

चढू नये. चढण्याआधी सर्व बाजूंनी दुर्बिणीने पाहावे, कारण मोहोळ बहुधा मोठ्या आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला असते आणि थेट खाली उभे राहिल्यावर पानांआड जाते. चेन सॉचा कंप आणि धूर त्याला पुरेसा असतो, आणि दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. ढोलीत घुबड किंवा पोपट, पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत आढळली तर काम पुढे ढकलावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचाही इथे संबंध येतो.

साहित्य किती दिवस टिकते आणि ते कसे तपासावे?

रोज, हाताने. दोर पूर्ण लांबी बोटांतून ओढावा आणि मऊ पडलेली, फुगलेली, कडक झालेली किंवा आवरण फाटलेली जागा शोधावी. हार्नेसची प्रत्येक शिवण दुमडून पाहावी. ब्रिटनमध्ये १९९८ पासूनच्या नियमांनुसार माणूस उचलणाऱ्या साहित्याची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी बंधनकारक आहे, आणि तसा नियम आपल्यावर लागू नसला तरी ती मुदत आम्ही पाळतो. न वापरलेल्या कापडी साहित्यालाही अनेक उत्पादक कमाल दहा वर्षांचे आयुष्य देतात.

आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका पावसाळ्यात जवळजवळ नवा हार्नेस टेम्पोच्या मागच्या भागात दोन आठवडे जुन्या बॅटरीशेजारी पडून राहिला. चढण्याआधी पट्टे चाचपताना उजव्या मांडीच्या पट्ट्यावर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट तपकिरी डाग दिसला. चिखल असेल म्हणून अंगठ्याने घासला, तर डागाखालचे धागे भुशासारखे सुटून नखात आले. बॅटरीतले आम्ल नायलॉन असेच खाऊन टाकते, आणि कोरड्या पट्ट्यावर ते वरवर पाहता दिसतही नाही. तो हार्नेस आम्ही कात्रीने चार तुकडे करून टाकला. अख्खा टाकला असता तर कोणीतरी उचलून वापरला असता. तेव्हापासून साहित्य झाकणाच्या वेगळ्या पेटीत असते, आणि त्या पेटीत पेट्रोल, चेनचे तेल किंवा बॅटरी ठेवत नाहीत.

धुताना साधे पाणी आणि सौम्य साबण वापरावा, सावलीत वाळवावे.

वर एखादा बेशुद्ध पडला तर?

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच जिवावर बेतते. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. म्हणून खाली नेहमी एक असा माणूस हवा, ज्याला स्वतः दोराने चढता येते आणि ज्याचा संच पेटीत नव्हे, झाडाखाली उघडून तयार ठेवलेला आहे. बरीच पथके चढणारा एकच आणि खाली फांद्या ओढणारे चार जण घेऊन कामाला जातात. त्या पथकाकडे बचाव नावाची गोष्टच नसते. काम सुरू करण्यापूर्वी दुसरा चढाईचा दोर अँकरवर आधीच टाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. महिन्यातून एकदा, रिकाम्या दिवशी, वाळूच्या गोणीला हार्नेस घालून ती उतरवण्याचा सराव करावा आणि घड्याळ लावावे. १०८ क्रमांकावर फोन कोण करणार आणि रुग्णवाहिकेला गल्लीच्या तोंडाशी कोण थांबवणार, हे सकाळीच ठरलेले असावे.

सिमेंट रस्त्याच्या कडेचे झाड चढण्यास सुरक्षित असते का?

वरून हिरवेगार दिसले तरी आधी बुंधा पाहावा. रस्ता, नाली आणि केबल यांसाठी खोदताना एका बाजूची मुळे तुटलेली असतात आणि वर बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले असते, त्यामुळे तुटलेले दिसत नाही. बुंध्याला लागून सिमेंटमध्ये अर्धचंद्राकार तडा गेलेला असेल, किंवा वाऱ्यात बुंध्याजवळची माती उचलल्यासारखी हलत असेल, तर ते झाड चढण्याचे नाही. त्याला क्रेनच्या बादलीतूनच हात लावावा. मुसळधार पावसानंतर जमीन पाण्याने भिजलेली असताना ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

परवानगी कोणी काढायची, ग्राहकाने की आम्ही?

अर्ज मालकाने करायचा, पण परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय आपण दोर टाकायचा नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरातील झाड, ते स्वतःच्या अंगणातले असले तरी, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे, आणि सिव्हिल लाईन्ससारख्या भागात अशी झाडे पुष्कळ आहेत. छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी लेखी अर्ज करून घ्यावा. कागदावर झाडांची संख्या, जात आणि काय कापायचे हे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. 'धोकादायक फांद्या' एवढेच लिहिलेले असेल तर कापायच्या फांद्यांना खडूने खूण करून त्यांची छायाचित्रे काढावीत आणि मालकाची त्यावर सही घ्यावी. कागदाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून साहित्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी, कारण विचारणारा येतो तेव्हा मालक बहुधा घरी नसतो आणि आपण वर असतो.